रानकुत्रा गावठी दिसू नये म्हणून : स्क्रॅचमध्ये जंगलाच्या खेळासाठी आपला प्राणी घडवताना

जंगलाचा खेळ करायला बसलेला नवखा माणूस आधी रंगांकडे धावतो. तांबूस रंग भरतो, चार पाय काढतो, शेपूट वर वळवतो, आणि रानकुत्र्याच्या नावाखाली गल्लीतला तांबडा कुत्रा भीमगडच्या रानात हिंडायला लागतो. प्राणी ओळखू येतो तो बाह्यरेषेवरून आणि चालीवरून. रंगाचा नंबर त्यानंतर. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे : माप, आकार, पाय, चाल, आणि खेळाडूला स्वतः बदलता येतील अशा गोष्टी सगळ्यांत शेवटी.

साधन म्हणून स्क्रॅच ३ घेतलं आहे, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून खेळ बनवायची प्रणाली. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये खातं न काढताही चालतं, आणि विंडोज किंवा अँड्रॉइड टॅबवर उतरवून घेतलं तर नेट नसतानाही चालतं. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर मात्र चित्र काढायच्या भानगडीत पडू नका. ब्राउझरमध्ये खात्याविना काम करत असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी ‘फाइल’मधून ‘सेव्ह टू युअर कॉम्प्युटर’ करा. करंट गेला की न साठवलेलं सगळं जातं, आणि पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजूला करंट कधी जाईल याचा नेम नाही.

प्राणी कोणता घ्यायचा

खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. तिथे गवा, अस्वल, चितळ, रानकुत्रा, शेकरू असे खेळाला उपयोगी पडणारे बरेच प्राणी आहेत. पहिल्या खेळासाठी रानकुत्रा उत्तम : जमिनीवर चालतो, दिवसा शिकार करतो, कळपाने राहतो, म्हणजे पुढे खेळ वाढवायलाही वाव आहे. शेकरू दिसायला देखणं, पण ते झाडांच्या शेंड्यांवर राहतं. त्याला उड्या आणि फांद्या शिकवाव्या लागतात. बारापेड्याच्या गुहांमधलं दुर्मिळ वटवाघूळही अनेकांना खुणावतं. उडणाऱ्या प्राण्याचं गणित वेगळं आहे, ते दुसऱ्या खेळासाठी ठेवा.

माप आधी ठरवा

स्क्रॅचचा रंगमंच, म्हणजे खेळ दिसतो ती चौकट, ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच असतो. चित्र काढताना १ सेंटिमीटरला १ एकक धरा आणि खेळात प्राणी ५० टक्के आकाराने दाखवा. रानकुत्रा खांद्याशी साधारण ५० सेंमी उंच, डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत ९० सेंमी, आणि शेपूट ४० ते ४५ सेंमी. खेळात तो खांद्याशी २५ एकक उंच दिसेल. मोठा गवा खांद्याशी १७० ते १८० सेंमी, म्हणजे खेळात ८५ ते ९०. दोघे शेजारी उभे केले की रानकुत्र्याचा खांदा गव्याच्या पोटाखाली जातो आणि एकट्याने गव्याच्या वाट्याला जाऊ नये हे खेळाडूला न सांगता कळतं. प्रत्येक प्राणी पडद्यावर शोभेल तेवढा मोठा काढला, तर हा फरक हातचा जातो.

चित्राच्या खिडकीत मोजपट्टी नसते. त्यावर उपाय असा : बॅकड्रॉपच्या, म्हणजे मागच्या देखाव्यांच्या, संग्रहात २० एककांच्या चौकटींची जाळी आहे, ‘एक्सवाय-ग्रिड-२०पीएक्स’ नावाची. ती लावा, स्प्राइटचा (खेळातल्या पात्राचा, इथे प्राण्याचा) आकार १०० ठेवा आणि खांदा अडीच चौकटींना टेकतो का ते पाहा. माप जुळलं की जाळी काढून आकार ५० करा.

आकार

कॉस्च्यूम म्हणजे प्राण्याचं एकेक चित्र. त्याच्या खिडकीत व्हेक्टर पद्धतीतच राहा, तिथे प्रत्येक भाग सुटा राहतो. ‘कन्व्हर्ट टू बिटमॅप’ हे बटण चुकून दाबलं गेलं तर लगेच अनडू करा, कारण बिटमॅपमध्ये पाय सुटा फिरवता येत नाही. प्राणी उजवीकडे तोंड करून काढा. स्क्रॅचमध्ये ९० ही दिशा म्हणजे उजवी.

धड म्हणजे ६० लांब आणि २२ उंच लंबवर्तुळ. रिशेप हत्यार घेऊन पाठीची रेघ जवळपास सरळ करा आणि पोट मागच्या पायांकडे थोडं वर ओढा. डोकं १८ व्यासाचं, त्याला पुढे १० लांबीचं मुस्कट. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. रानकुत्र्याचं मुस्कट आखूड आणि रुंद असतं. ते १५ पर्यंत लांबवलं की कोल्हा दिसायला लागतो. कान ८ उंचीचे, टोक गोल. रिशेपमध्ये कानाच्या टोकाचा बिंदू निवडून वरचं ‘कर्व्ह्ड’ बटण दाबा, टोक गोलावतं. कान टोकदार राहिले तर गावठी कुत्रा. शेपूट ४२ लांब, मधे जाड, झुपकेदार, आणि खाली लोंबणारी. वर वळवलेली शेपूट ही गावठी कुत्र्याची खूण. शेपटीचा बुडाकडचा थोडा भाग अंगाच्या रंगाचा आणि पुढचा सगळा काळा.

पाय २८ लांब, वर ६ आणि खाली ४ रुंद. चारही पाय वेगवेगळे काढा, एकच पाय कॉपी करून चालेल. खेळाडूच्या बाजूचे दोन पाय अंगाच्याच रंगाचे, पलीकडचे दोन थोडे गडद आणि ‘बॅक’ बटणाने धडाच्या मागे ढकललेले. हा फरक ठेवला नाही तर चालताना चार पायांचा एकच गुंता दिसतो.

रंगाचे आकडे असे घ्या : कलर ६, सॅच्युरेशन ७०, ब्राइटनेस ७०. पलीकडच्या पायांना ब्राइटनेस ५५. पोट, गळा आणि पायांच्या आतल्या बाजूला फिकट, सॅच्युरेशन २५ पर्यंत. शेपटीच्या काळ्याला ब्राइटनेस शून्य देऊ नका, १२ ते १५ ठेवा. अगदी काळा रंग दाट झाडीच्या पार्श्वभूमीत भोकासारखा दिसतो. बाहेरची रेघ शून्य करा किंवा फार तर १. आकार अर्ध्यावर आणल्यावर जाड रेघ कानाचा गोलवा खाऊन टाकते.

पार्श्वभूमीशी रंग तपासून घ्या. हिरव्या झाडीत हा तांबूस प्राणी उठून दिसतो, पण खानापूरकडची जांभ्याची तांबडी वाट काढली असेल तर तिच्यावर उभा राहिला की हरवतो. अशा वेळी प्राण्याचा रंग बदलू नका. वाटेचा ब्राइटनेस १५-२० ने कमी करा आणि सॅच्युरेशन निम्म्यावर आणा. अथणीकडचं कोरडं माळरान काढून त्यात लांडगा सोडला तरी हीच अडचण येते, उपायही तोच.

मध्यबिंदू

खिडकीच्या मधोमध एक फिकट खूण असते. स्क्रॅच प्राण्याला याच बिंदूवर धरून हलवतं, उलटवतं, लहान-मोठं करतं. सगळं चित्र निवडून असं सरकवा की धडाचा मध्य त्या खुणेच्या बरोबर वर येईल आणि पायांचे तळवे खुणेच्या पातळीला टेकतील. धडाचा मध्य म्हटलं आहे, शेपटीसकट पूर्ण चित्राचा नाही. शेपूट धरून मध्य काढला तर दिशा बदलताना प्राणी बाजूला उडी मारतो. तळवे खुणेवर ठेवण्याचा फायदा असा की जमीन −१०० ला असेल तर प्राण्याचा वाय (उभ्या दिशेतली जागा) ही −१०० ठेवायचा, आणि पुढे आकार बदलला तरी पाय जमिनीवरच राहतात.

हे काम कॉस्च्यूमच्या नकला काढण्याआधी करायचं. नंतर करायला गेलात तर प्रत्येक नक्कल वेगळी सरकवावी लागते, आणि एखादी जरी चुकली तरी प्राणी चालताना उचक्या देतो.

पाय फिरवायचे कसे

कॉस्च्यूमवर राइट क्लिक करून ‘डुप्लिकेट’ म्हणा. पहिल्याचं नाव ‘उभा’, पुढच्या चारांची ‘चाल१’ ते ‘चाल४’, त्यापुढच्या दोनांची ‘धाव१’ आणि ‘धाव२’.

आता पाय निवडून फिरवायला गेलात की तो खांद्यातून निखळतो, कारण स्क्रॅच निवडलेली वस्तू तिच्या स्वतःच्या मध्याभोवती फिरवतं, सांध्याभोवती नाही. युक्ती अशी : शिफ्ट दाबून एक वर्तुळ काढा, त्याचा मध्य सांध्यावर आणि त्रिज्या पायाच्या लांबीपेक्षा थोडी जास्त. पाय आणि वर्तुळ मिळून ‘ग्रुप’ करा. आता फिरवलंत की पाय सांध्यावरच फिरतो. झालं की ‘अनग्रुप’ करून वर्तुळ पुसा. वर्तुळ तसंच राहिलं तर खेळात प्राण्याभोवती पाटी अडकवल्यासारखं दिसतं, आणि रंग पारदर्शक करून ठेवलं तर पुढच्या वेळी तेच चुकून निवडलं जातं.

चालताना आधी एका बाजूचा मागचा पाय उचलला जातो, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा, मग पुढचा. ‘चाल१’मध्ये डावा मागचा पाय २० अंश पुढे, डावा पुढचा २० अंश मागे, उजवा मागचा ७ अंश मागे, उजवा पुढचा ७ अंश पुढे. त्यापुढच्या प्रत्येक कॉस्च्यूममध्ये प्रत्येक पाय एक पायरी मागे जातो : २० पुढे, ७ पुढे, ७ मागे, २० मागे, आणि तिथून पुन्हा २० पुढे. कोन मोजायची सोय नाही, अंदाजानेच फिरवा. एवढ्या लहान चित्रात दोन-तीन अंशांचा फरक कळत नाही. पायांचा क्रम चुकलेला मात्र लगेच कळतो.

‘धाव’ची दोन चित्रं सोपी. तिरके पाय जोडीने चालतात : ‘धाव१’मध्ये डावा मागचा आणि उजवा पुढचा २० अंश पुढे, बाकीचे दोन २० अंश मागे, ‘धाव२’मध्ये याच्या बरोबर उलट. खरी चौखूर उधळण्याची धाव काढायला निदान चार चित्रं आणि वाकणारी पाठ लागते. पहिल्या खेळात तिच्या वाटेला जाऊ नका.

चाल जमिनीला चिकटवणं

नवखे इथे ‘नेक्स्ट कॉस्च्यूम’ आणि ‘वेट ०.१’ लावून मोकळे होतात. मग प्राणी बर्फावर असल्यासारखा पाय मारत घसरतो, कारण पायांचा वेग आणि अंगाचा वेग यांचा एकमेकांशी संबंधच नसतो. पाय वेळेवर बदलू नका, अंतरावर बदला.

हिशोब असा आहे. दोन चित्रांमध्ये पाय सुमारे १४ अंश मागे जातो, २८ लांबीच्या पायाचा तळवा म्हणजे साडेसहा-सात एकक, आणि ५० टक्के आकाराला सव्वातीन. म्हणजे अंग सव्वातीन एकक पुढे गेलं की चित्र बदलायचं. त्यासाठी ‘अंतर’ नावाचा व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायचा डबा, करा. प्रत्येक पावलाला तो वेगाइतका वाढवा, उजवीकडे जा की डावीकडे, वाढवायचाच. मग ‘स्विच कॉस्च्यूम टू’मध्ये हे भरा : अंतर भागिले ३.३, त्याचा फ्लोअर (अपूर्णांक सोडून खालचा पूर्ण आकडा), त्याला ४ ने मॉड (भागून उरलेली बाकी), अधिक २. कॉस्च्यूम १ ‘उभा’ आहे म्हणून अधिक २. फ्लोअर सापडत नसेल तर ऑपरेटर्समधल्या ‘अ‍ॅब्स’च्या ठोकळ्यावरची यादी उघडा, तिथे आहे. ‘अंतर’च्या जागी सरळ एक्स पोझिशन वापरली तर डावीकडे जाताना आकडा कमी होत जातो आणि प्राणी पाय उलटे टाकतो.

धावेत पाय एकदम ४० अंश फिरतो. तिथे अंतराला ९ ने भागा, फ्लोअर घेऊन २ ने मॉड घ्या आणि ६ मिळवा.

मुख्य लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) ‘फॉरेव्हर’मध्ये ठेवा आणि आत ‘इफ की राइट अ‍ॅरो प्रेस्ड’ वापरा. ‘व्हेन राइट अ‍ॅरो की प्रेस्ड’ हा टोपीवाला ठोकळा वापरला तर एक पाऊल पडून प्राणी क्षणभर थबकतो आणि मग चालू लागतो. कीबोर्डची अक्षर पुन्हा उमटवायची सवय त्यात उतरते. सुरुवातीला ‘सेट रोटेशन स्टाइल लेफ्ट-राइट’ लावायला विसरू नका, नाहीतर डावीकडे वळताच प्राणी पाय वर करून पाठीवर चालतो.

चालण्याचा वेग १ ठेवा. स्क्रॅच सेकंदाला ३० फ्रेम चालवतं, म्हणजे सेकंदाला ३० एकक, आपल्या मापात ६० सेंमी. हुंगत जाणाऱ्या प्राण्याची चाल. ४ ठेवला तर तासाला साडेआठ किलोमीटरच्या आसपास, दुडकी चाल. खरा पूर्ण वेग देऊ नका. या मापात अख्खा रंगमंच ९ मीटर ६० सेंमी रुंद आहे, प्राणी सेकंदाच्या आत पलीकडे पोचेल.

खेळाडूच्या हातात काय द्यायचं

पाच व्हेरिएबल करा : रंग, उजळपणा, आकार, वेग, ताकद. रंगमंचावर दिसणाऱ्या प्रत्येक चौकटीवर राइट क्लिक करून ‘स्लायडर’ निवडा आणि ‘चेंज स्लायडर रेंज’मध्ये मर्यादा घाला. रंगाला −५ ते ५, उजळपणाला −१५ ते १५, आकाराला ४५ ते ५५, वेग आणि ताकद यांना १ ते ७.

रंगाची मर्यादा एवढी आखडती का, ते सांगायला हवं. ‘कलर इफेक्ट’ २०० वर पूर्ण चक्कर मारतो, म्हणजे एका अंकाला १.८ अंश. ±५ मध्ये तांबड्यापासून पिवळट तपकिरीपर्यंतचा टापू येतो, खऱ्या रानकुत्र्यांमध्ये दिसतो तेवढाच. ३० दिलं तर हिरवा रानकुत्रा. शिवाय हा इफेक्ट डोळे, जीभ सगळंच बदलतो, म्हणून मोठे आकडे नकोत.

एक गोष्ट हमखास चकवते : हिरवा झेंडा दाबला की इफेक्ट पुसले जातात, पण आकार आणि व्हेरिएबल तसेच राहतात. परिणाम असा की स्लायडर −४ दाखवतो आणि प्राणी मूळ रंगात उभा. म्हणून ‘सेट कलर इफेक्ट टू रंग’, ‘सेट ब्राइटनेस इफेक्ट टू उजळपणा’ आणि ‘सेट साइज टू आकार’ हे तिन्ही ‘फॉरेव्हर’च्या आत ठेवा. स्लायडर हलवताना प्राणी डोळ्यांदेखत बदलतो, तेही बरं.

दम हा सहावा गुण खेळाडूला देऊ नका, हिशोबाने काढा : १५ वजा वेग वजा ताकद. सगळे गुण मोकळे सोडले तर प्रत्येक जण सगळं ७ वर नेतो आणि निवडीला अर्थ उरत नाही. धावेचा वेग म्हणजे २ अधिक वेगाचा निम्मा. ‘शिल्लक दम’ सुरुवातीला दम गुणिले ३०. धावताना दर फ्रेमला १ कमी, थांबल्यावर अर्धा वाढ. म्हणजे दम ५ असलेला प्राणी सलग पाच सेकंद धावतो. सगळे आकडे वेगात टाकणारा भक्ष्य गाठतो, पण त्याला अर्ध्या वाटेत धाप लागते.

नर-मादी असा पर्याय रानकुत्र्याला ठेवायची गरज नाही, दोघे दिसायला जवळजवळ सारखेच. मादीच्या पापण्या लांब काढायचा मोह आवरा. गव्यात मात्र तो पर्याय हवाच : नर जवळजवळ काळा, खांद्यावर उंच कणा, गळ्याखाली पोळी, मादी तपकिरी आणि लहान. तिथे स्लायडर चालत नाही, कॉस्च्यूमच वेगळे काढावे लागतात. पिल्लूही नुसतं आकार २५ करून होत नाही, ते दूरवरचं मोठं जनावर वाटतं. डोकं धडाच्या मानाने मोठं आणि पाय आखूड करून वेगळं चित्र काढा. गव्याचं वासरू फिकट सोनेरी असतं आणि लहानपणी त्याच्या पायांत पांढरे मोजे नसतात.

फाटलेला कान, अंगावरचा वण अशा खुणा प्रत्येक कॉस्च्यूमवर काढत बसू नका. खुणेचा वेगळा स्प्राइट करा आणि त्याला प्राण्याची जागा, दिशा, आकार घ्यायला लावा. दोन्ही स्प्राइट आपापल्या ‘फॉरेव्हर’मध्ये असले तर धावताना खूण एक फ्रेम मागे राहते आणि अंगावरून घसरल्यासारखी दिसते. मुख्य प्राण्याच्या लूपमध्ये हालचाल झाल्यावर अगदी शेवटी ‘ठिकाण’ असा ब्रॉडकास्ट, म्हणजे इतर स्प्राइटना निरोप, पाठवा आणि खुणेने तो मिळाल्यावरच जागा घ्यावी. डावीकडे वळल्यावर डाव्या कानाची खूण उजव्या कानावर जाते. जाऊ द्या.

आवाजासाठी तोंडाने शीळ वाजवून रेकॉर्ड करा. रानकुत्रे एकमेकांना शीळ घातल्यासारखा आवाज देतात, भुंकणं लावू नका. ‘पिच इफेक्ट’ −२० ते २० मध्ये बदलला की प्रत्येक खेळाडूचा आवाज वेगळा.

नाव ‘आस्क अँड वेट’ने विचारा. मराठीत टाइप केलेलं नाव स्क्रॅच नीट घेतं आणि ‘से’मध्ये दाखवतं. आपल्याकडे खेळणारा शेजारी कन्नड शाळेतला असण्याची शक्यता भरपूर, तेव्हा सूचना चित्रात लिहू नका. मराठी आणि कन्नड अशा दोन लिस्ट करा, त्याच क्रमाने वाक्यं भरा, आणि सुरुवातीला भाषा विचारून त्या लिस्टमधली ओळ दाखवा. नवीन भाषा घालायची तर चित्राला हात लावावा लागत नाही.

बनवलेला प्राणी परत मिळवणं

खेळ बंद केला की दुसऱ्याच्या संगणकावरच्या खेळाडूची निवड पुसली जाते. आठ आकड्यांचा संकेत करून द्या. रंगात १५ मिळवा म्हणजे तो नेहमी दोन आकडी होतो, उजळपणात ३०, मग आकार, वेग, ताकद जसेच्या तसे, आणि ‘जॉइन’ने जोडा. रंग −२, उजळपणा ५, आकार ५२, वेग ६, ताकद ४ असेल तर संकेत १३३५५२६४. पुढच्या वेळी ‘आस्क’मध्ये तो टाकला की ‘लेटर १ ऑफ आन्सर’ आणि ‘लेटर २’ जोडून १५ वजा केले की रंग परत मिळतो. तिसरं-चौथं अक्षर उजळपणाचं, पाचवं-सहावं आकाराचं, सातवं वेगाचं, आठवं ताकदीचं. ‘लेंग्थ ऑफ आन्सर’ ८ नसेल तर पुन्हा विचारा.

आपल्या भागात यात एक खास खोड निघते. मराठी किंवा कन्नड कीबोर्ड चालू असताना संकेत टाकला तर आकडे त्या लिपीत उमटतात, आणि स्क्रॅच त्यांना आकडे मानत नाही, शून्य धरतं. अक्षरं आठच असल्याने लांबीची तपासणी पार होते, पण रंग −१५ आणि आकार शून्य होऊन प्राणी ठिपक्याएवढा उरतो. ‘देवनागरी’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ‘०१२३४५६७८९’ ही ओळ ठेवा. आलेलं प्रत्येक अक्षर दहा वेळच्या ‘रिपीट’मध्ये या ओळीतल्या अक्षरांशी ताडून पाहा, जुळलं तर त्याचा क्रमांक वजा १ हा खरा आकडा, नाही जुळलं तर अक्षर जसंच्या तसं वापरा. कन्नड आकड्यांची तशीच दुसरी ओळ ठेवली की तिन्ही लिप्यांतले संकेत चालतात.